सत्राअखेरची प्रश्नावली की सत्राच्या मध्यावरची चर्चा?

प्राध्यापकांच्या अध्यापनाविषयी विद्यार्थ्यांचे मत कोणत्या मार्गाने घ्यावे, हे ज्या विभागप्रमुखांना ठरवायचे असते, त्यांच्यापुढे मुख्यतः दोन पर्याय असतात. एक म्हणजे सत्र संपताना भरून घ्यायची प्रश्नावली आणि दुसरा म्हणजे सत्राच्या मध्यावर वर्गातच घडवून आणायची चर्चा. गोव्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवताना मी दोन्ही अनुभवले आहेत, आणि माझा कल दुसऱ्याकडे आहे.

प्रश्नावलीची सोय नाकारता येणार नाही. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ या राष्ट्रीय संस्थेने २०१७च्या सुधारित चौकटीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षणाचा समावेश केला, त्यामुळे अशा नोंदी ठेवणे महाविद्यालयांच्या अंगवळणी पडले. शिवाय दोनशे विद्यार्थ्यांचे मत गुगल फॉर्मवर एका दिवसात जमा होते. अडचण येते ती आकड्यांचा अर्थ लावताना. आमच्या तृतीय वर्षाच्या वर्गात नऊ विद्यार्थी होते. आठ जणांनी ४ गुण आणि एकाने १ गुण दिला, तर सरासरी ३.६७ वर येते. या घसरणीमागे अध्यापनातला दोष आहे की एकाच विद्यार्थ्याची नाराजी, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

त्याहून गंभीर प्रश्न पूर्वग्रहाचा आहे. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन वर्गातील शिक्षकांनी आपली स्त्री-पुरुष ओळख अदलाबदल करून शिकवले. कामे तपासून परत देण्याची गती सारखीच असताना, तत्परतेसाठी पुरुष समजल्या गेलेल्या शिक्षकांना पाचपैकी ४.३५ आणि स्त्री समजल्या गेलेल्यांना ३.५५ गुण मिळाले. हे वाचल्यानंतर केवळ सरासरीच्या आधारे कोणाची बढती ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

मध्यावरच्या चर्चेत शिक्षक वर्गाबाहेर जातो आणि दुसऱ्या विभागातील सहकारी अर्धा तास वर्ग हाती घेतो. चार-पाच जणांचे गट शिकण्यास काय उपयोगी पडते, काय आड येते आणि काय बदलावे, या तीन प्रश्नांवर बोलतात, आणि बहुतेकांना मान्य असलेले मुद्देच शिक्षकापर्यंत पोहोचतात. माझ्या वर्गाने सांगितले की मी स्लाइड पुढे सरकवते तेव्हा त्यांची अर्धी ओळ लिहायची राहिलेली असते. आदल्या वर्षीच्या प्रश्नावलीत मला याच बाबतीत चांगले गुण होते, म्हणून मला हे कधीच उमगले नव्हते. पुढच्याच तासापासून मी मुख्य मुद्दे फळ्यावर लिहू लागले.

येथे भाषेचाही फरक पडतो. घरी कोंकणी बोलणारी आणि प्राथमिक शाळा मराठीतून शिकलेली मुले इंग्रजी प्रश्नावलीत बहुधा मधलाच पर्याय निवडतात, तर गटात ती मोकळेपणी बोलतात. मात्र गोवा लहान आहे. विद्यार्थी आणि शिक्षक कित्येकदा एकाच वाड्यावर राहतात, त्यामुळे चर्चेचे टिपण सहकाऱ्याच्याच हस्ताक्षरात असावे आणि कोण काय बोलले हे त्यात येऊ नये. ही काळजी घेणारा सहकारी मिळत नसेल, तर चर्चा न घेतलेली बरी.

दोन्ही करणे शक्य असेल तर प्रश्नावली दप्तरासाठी ठेवावी, पण तिच्यावरून शिक्षकांची क्रमवारी लावू नये. एकच करणे शक्य असेल, तर पहिल्या आयएसएनंतर (सत्रांतर्गत परीक्षेनंतर) आणि चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुटीपूर्वी चर्चा घ्यावी, म्हणजे सुटीनंतर परतलेल्या त्याच विद्यार्थ्यांना बदल अनुभवता येईल.