फ्रीकॅड आठ महिने वापरून: प्लेट लांब केली की मॉडेल टिकतं का?

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं जिग-फिक्श्चरचं (मशीनवर काम धरून ठेवायच्या साच्यांचं) काम आहे, ड्रॉइंग मीच करतो, आणि पहिल्या मापावर थांबलीय अशी एकही पार्टी अजून बघितली नाही. "मोटर बदलली, बेस प्लेट तेवढी चाळीसनं लांब करा" हा फोन ठरलेला. त्यामुळे फ्रीकॅड या थ्रीडी ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरचा हा रिव्ह्यू फक्त तेवढ्याचाच, रेंडरिंग वगैरेशी मला घेणंदेणं नाही.

सुरुवात ०.२१ या आवृत्तीवर केली. त्यात एक जगजाहीर दुखणं होतं, टोपोलॉजिकल नेमिंग म्हणतात त्याला. सॉफ्टवेअर कडांना आणि फेसना (पृष्ठभागांना) एज१७, फेस६ असे नंबर देतं, तुम्ही आधीच्या स्टेपमध्ये एखादी खाच पाडली की नंबर सरकतात आणि फेस६ वर काढलेलं होलचं स्केच (सपाट आकृती) भलत्याच बाजूला जाऊन चिकटतं. रेशनच्या लायनीत मध्ये कोणी घुसल्यावर होतं ना, तसं. नोव्हेंबर २०२४ ला १.० आलं, त्यात यावर बरंच काम झालंय, फरक खरंच जाणवतो. पण आता बिनधास्त रहा असंही नाही, ती कडच गायब केलीत तर बिचारं फिलेट (कडेची गोलाई) देणार कुठे?

पण खरं सांगू, झाडात (मॉडेलच्या स्टेप्सच्या यादीत) लाल खूण आली की मला आता बरंच वाटतं, निदान ओरडून सांगतंय. महागात पडतं ते गुपचूप चुकलेलं. माझीच गोष्ट, प्लेट १८० मिमीची, कोपऱ्यातली होलं डाव्या कडेपासून २० आणि १६० वर दिलेली. लांबी २२० केली, सगळं हिरवं, एकही एरर नाही, फाइल कटिंगला पाठवली आणि सहा प्लेटा आल्या त्यात उजवी होलं कडेपासून ६० आत! फ्रेमवर ठेवल्यावर कळलं. सॉफ्टवेअरची काय चूक, मी १६० सांगितलं ते त्यानं पाळलं. मला म्हणायचं होतं "उजव्या कडेपासून २०", ते मी कुठे लिहिलंच नव्हतं.

तेव्हापासून प्लेट ओरिजिनच्या (शून्य बिंदूच्या) दोन्ही बाजूंना सिमेट्रिक, होलांमधलं अंतर लांबी वजा ४०, आणि मुख्य मापं स्प्रेडशीटमध्ये अलियास म्हणजे नाव देऊन (१.० मध्ये व्हेरसेट, म्हणजे मापांचा संच, पण आहे, तोही चालतो). स्केच शक्यतो फेसवर नाही, बेस प्लेनवर (मूळ सपाटीवर) ऑफसेट, म्हणजे ठरावीक अंतर, देऊन. फिलेट-चॅम्फर (चॅम्फर म्हणजे तिरपी छाटलेली कड) सगळ्यात शेवटी, आणि रेडियस नुसता ६ ठेवायचा नाही, स्लॉट १० चा झाला की दोन्ही बाजूंचा ६ कुठून बसणार, म्हणून ६ आणि रुंदीच्या निम्म्यापेक्षा थोडं कमी, यातलं जे लहान ते घे असं सूत्र लिहितो. होलांची संख्यासुद्धा लांबी आणि पिचवरून (शेजारच्या दोन होलांमधल्या अंतरावरून) काढतो, अपूर्णांक सोडून खालचा पूर्णांक घेणारं फ्लोर फंक्शन आहे त्यासाठी.

अजून एक, माप एकदम ४० वरून २०० करू नका, सॉल्व्हर (मापांवरून स्केच जुळवणारा भाग) कधीकधी स्पर्शकंस, म्हणजे रेषेला टेकलेला कंस, उलटा फिरवून मोकळा होतो, टप्प्याटप्प्यानं गेलं की शहाण्यासारखा वागतो. फाइल पाठवायच्या आधी सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं माप घालून बघतो, दोन मिनिटांचं काम, पण कंटाळा येतोच.

त्रास म्हणाल तर स्प्रेडशीटचा एक सेल बदलला तरी शीटवर अवलंबून असलेलं सगळं परत मोजायला घेतं, मोठ्या असेंब्लीत पंखा घोंघावायला लागतो. तेवढं सोसतो, फुकट आहे शेवटी.

परवा त्याच पार्टीनं २२० चं २६० करायला सांगितलं, चहा येईपर्यंत फाइल तयार होती. फक्त एक बॉस (वर आलेला उंचवटा) लाल झाला, तो खाचेच्या फेसवर काढलेला, जुना आळस माझाच.