टॅम की मोंटारा?

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहता, शनिवार मोकळा आहे आणि समुद्र दिसेल असा डोंगर हवाय, तर गोल्डन गेटपलीकडचा माउंट टॅमलपायस (सगळे 'टॅम'च म्हणतात) किंवा पॅसिफिकाजवळचा मोंटारा माउंटन.

टॅम 2,571 फूट, मोंटारा जेमतेम 1,900. या आकड्यांवर जाऊ नका. टॅमच्या ईस्ट पीकखालपर्यंत गाडी जाते. मोंटाराची चढण मात्र जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते आणि सगळी अंगावर येते.

सायकल न्यायची असेल तर पहिल्यांदा टॅमच. ओल्ड रेलरोड ग्रेडवरून 1896 ते 1930 पर्यंत आगगाडी धावायची, 281 वळणं घेत. वाफेच्या इंजिनाला झेपेल असाच चढ, जास्तीत जास्त सात टक्के. एकदा लय सापडली की दम न लागता वर जाता येतं. टॅमच्या शेजारीच, फेअरफॅक्सजवळच्या रीपॅक उतारावर 1976 पासून जुन्या सायकलींच्या शर्यती लागत. एका उतारात ब्रेक इतके तापत की मागच्या चाकाच्या हबमधलं (मधल्या तुंब्यातलं) ग्रीस जळून जाई. माउंटन बायकिंगचं हे माहेर, आणि आज टॅमवरच्या बहुतेक अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी! फायर रोडवर (वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठीच्या रुंद कच्च्या रस्त्यांवर) वेगमर्यादा ताशी 15 मैल, आंधळ्या वळणांवर 5. रेंजर खरंच थांबवतात.

मोंटाराला सायकल मॅकनी रँचच्या बाजूने चढवायची. वरच्या टप्प्यात ग्रॅनाइटचा भुगा आहे. मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि भलेभले उतरून सायकल ढकलतात. मांड्यांवर भरवसा असेल तरच जा.

चालणाऱ्यांनी मोंटाराला सॅन पेड्रो व्हॅली पार्कातून जावं. तिथल्या पायवाटेवर सायकली नाहीत, जाऊन-येऊन सातेक मैल. साउथ बेवाल्यांना पूल ओलांडायची कटकटही नाही. तरी मला विचाराल तर टॅमवरची मॅट डेव्हिस–स्टीप रव्हीन फेरी सरस. रेडवुडची गर्द सावली, ओढ्याच्या कडेची लाकडी शिडी आणि मध्यावर स्टिन्सनचा किनारा, एवढं मोंटारा देत नाही. पार्किंगसाठी मात्र सकाळी लवकर निघा.

उन्हाळ्यात धुकं दोन्हीकडे. टॅमचा माथा पुष्कळदा त्याच्या वर असतो, मोंटाराचा त्यात बुडालेला.

आणि भारतातून आई-बाबा आलेले असतील तर प्रश्नच मिटला. ईस्ट पीकला गाडी लावा आणि माथ्याभोवतीची मैलभराहूनही छोटी व्हर्ना डनशी फेरी मारा. स्वेटर मात्र मे महिन्यातही न्या.