बंद पडलेल्या सॉफ्टवेअरचा कंट्रोलर गळ्यात मारतायत

ठाणे-नवी मुंबईत कुणी सेकंडहँड कंट्रोलर (कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर हाताने चालवायचा डबा) घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा. कोपरखैरण्यातल्या एका माणसाने मला २६ हजारांची टोपी घातली. २२ कंट्रोलरचे आणि वर ४ 'लायसन्स ट्रान्सफर'चे.

मी ठाण्यात घरीच भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. त्यासाठी मोटरवाले आठ फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) आणि प्रत्येकावर छोटी स्क्रीन असलेला कंट्रोलर हवा होता. डेमोला माझाच प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर नेला. प्ले दाबलं की फेडर आपोआप वरखाली व्हायचे, वर 'पखवाज', 'टाळ', 'कोरस' अशी ट्रॅकची नावं. चहाही पाजला पठ्ठ्याने. म्हणाला, "दादा, सॉफ्टवेअर मी मेल करतो. लायसन्स नावावर करायचे कंपनी चार हजार घेते, तेवढे जीपे करा."

घरी आणून जोडला तर स्क्रीन कोऱ्या, फेडर ढिम्म. हा डबा स्वतः काहीच करत नाही, त्याचा आणि लॉजिकचा (मॅकवरचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर) संवाद कंट्रोलरच्या कंपनीच्या वेगळ्या सॉफ्टवेअरमधून चालतो. ते सॉफ्टवेअर जुन्या ३२-बिट पद्धतीचं. ॲपलने २०१९ मध्ये मॅकची कॅटालिना ही सिस्टीम आणली तेव्हापासून मॅकवर ३२-बिट चालतच नाही, आणि कंपनीने ६४-बिटचं काढलंच नाही, सरळ बंद केलं. विकणाऱ्याचं मॅकबुक अजून कॅटालिनाच्या आधीच्या मोजावेवर होतं, म्हणून तिथे सगळं झकास.

विचारलं तर आधी "नेट स्लो असेल", मग "मॅक फॉरमॅट मारा", मग ब्लॉक. कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करायची सोय आता नाही, आणि होती तेव्हा ती फुकट होती. म्हणजे जुना माल खपवला एवढंच नाही, नसलेल्या गोष्टीचे चार हजार वेगळे उकळले! डोकं फिरलं ते इथे.

डेमो स्वतःच्या लॅपटॉपवरच घ्या. विकणारा कां-कूं करायला लागला की उठा. कंपनीच्या डाउनलोड पानावर शेवटचं अपडेट कधीचं आहे आणि तुमची सिस्टीम यादीत आहे का, ते बघा. कंट्रोलरला मॅकी कंट्रोल मोड (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरशी बोलायची एक ठरलेली पद्धत) आहे का, हे तर विचाराच. लॉजिक, क्युबेस, रीपर या तिन्ही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरना तो कळतो, मग कंपनीने स्वतःचं सॉफ्टवेअर बंद केलं तरी फेडर चालतात. नुसते नॉब-पॅड हवे असतील तर वेगळा ड्रायव्हर (जोडणीचं सॉफ्टवेअर) न मागणारा साधा मिडी कंट्रोलर घ्या. मिडी ही वाद्यं आणि कॉम्प्युटर जोडायची सगळ्यांची भाषा १९८३ पासूनची आहे, कुठल्या एका कंपनीच्या मर्जीवर नाही. आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

हे लिहायचं कारण म्हणजे त्याची जाहिरात परत लागलीय. आता पत्ता ऐरोलीचा, मॉडेल तेच, किंमत १९ हजार, आणि खाली 'लायसन्स ट्रान्सफर एक्स्ट्रा'.