यूब्लॉक ओरिजिन आहेच तुमच्याकडे, पण त्याचा पिकर वापरलाय का?

यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं ब्राउझर एक्स्टेन्शन बऱ्याच डेव्हलपरांकडे असतं, पण एकदा टाकलं की विसरलं. जाहिराती गेल्या, विषय संपला. मला विचाराल तर जाहिराती जाणं हा बोनस आहे, खरा माल तो ड्रॉपरच्या आयकॉनवाला पिकर, म्हणजे पानावरचा नको तो भाग निवडून कायमचा लपवायचं साधन.

साइटच ब्लॉक करणारी ॲप्स मला कधी झेपली नाहीत. व्हिडिओची साइट बंद केली की नेमकं तेव्हाच एखादं टेक टॉक बघायची वेळ येते, मग ब्लॉक काढा, आणि एकदा काढला की काढला. कामाचं आणि टाइमपासचं एकाच पानावर खेटून बसलेलं असतं हो! पिकरने त्यातला नको तेवढाच तुकडा उडवता येतो. आयकॉन दाबा, बाजूच्या सुचवलेल्या व्हिडिओंच्या पट्टीवर क्लिक करा, स्लायडर सरकवून बरोबर तेवढाच भाग निवडा, क्रिएट. झालं. मी ती पट्टी, नोटिफिकेशनचा लाल आकडा आणि प्रश्नोत्तरांच्या साइटवरचे ते उगाच खुणावणारे 'चर्चेतले प्रश्न' उडवलेत, साइट चालू, उत्तर मिळतं, पुढे ओढणारं काही नाही. पानावरचं काही तात्पुरतंच हटवायचं असेल तर विजेच्या आयकॉनवाला झॅपर आहे, रिलोड केलं की सगळं परत.

आता कटकट. हल्ली बऱ्याच साइटचे क्लास, म्हणजे पानाच्या भागांना कोडमध्ये दिलेली नावं, बिल्डच्या वेळी आपोआप तयार झालेले अगम्य असतात, साइटची पुढची आवृत्ती चढली आणि नाव बदललं की तुमचा फिल्टर (लपवायचा नियम) मेला. म्हणून पिकरने दिलेला सिलेक्टर (कुठला भाग लपवायचा ते सांगणारी ओळ) डोळे मिटून घेऊ नका, यूब्लॉकच्या सेटिंगमधल्या 'माय फिल्टर्स'मध्ये जाऊन तो एचरेफ (लिंकचा पत्ता) किंवा ॲरिया-लेबल (स्क्रीन रीडरसाठी दिलेलं नाव) यावरून लिहा, ते जास्त टिकतं. सीएसएस येत असेल तर दोन मिनिटांचं काम आहे, येत नसेल तर मात्र डोकं फिरेल.

दुसरं, स्वतःची साइट बनवताना हेच एक्स्टेन्शन गंडवतं. पानाच्या एखाद्या कंपोनंटला ॲड-बॅनर असा क्लास दिला की तो गुपचूप गायब होऊ शकतो, ब्राउझरच्या कन्सोलमध्ये चकार शब्द नाही, आणि आपण फ्लेक्सबॉक्सला (सीएसएसच्या मांडणीला) शिव्या घालत बसतो. ॲनालिटिक्सची (भेटी मोजणाऱ्या सेवेची) रिक्वेस्ट अडली तर फायरफॉक्सच्या नेटवर्क टॅबमध्ये निदान कोणी अडवली ते तरी दिसतं. लोकलहोस्ट (स्वतःच्या मशीनवर चालणारी साइट) यूब्लॉकच्या ट्रस्टेड साइट्समध्ये टाकून ठेवा, म्हणजे तिथे ते काही अडवणार नाही, आणि यूब्लॉकचा लॉगर एकदा उघडून बघाच, कुठल्या फिल्टरने काय लपवलं ते तिथे ओळीने येतं. थर्ड पार्टी स्क्रिप्ट काय काय मागवतात ते बघायलाही मी तोच उघडतो.

क्रोमवाल्यांसाठी वाईट बातमी जुनीच आहे, मॅनिफेस्ट व्ही३ या एक्स्टेन्शनच्या नव्या नियमांमुळे मूळ यूब्लॉक तिथे आता चालत नाही, यूब्लॉक ओरिजिन लाइट घ्यावं लागतं. जाहिरातींपुरतं ते बरं आहे, पण डायनॅमिक फिल्टरिंग (साइटनिहाय कुठून काय लोड होऊ द्यायचं ते स्वतः ठरवणं) वगैरे विसरा. मी तरी एवढ्यासाठी फायरफॉक्सच वापरेन. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि बनवणारे रेमंड हिल देणगीसुद्धा घेत नाहीत, हे मला अजून विशेष वाटतं.

अँड्रॉइडच्या फायरफॉक्सवरही चालतं, पण बोटाने पिकर चालवणं म्हणजे वैताग. डेस्कटॉपवरचे फिल्टर एक्सपोर्ट करून फोनवर इम्पोर्ट करा, फक्त मोबाइल पानाचं एचटीएमएल वेगळं असेल तिथे ते लागणार नाहीत, तेवढे परत लिहावे लागतील.