तातडीचं सिझेरियन: ३० मिनिटं की ७५?

‘लगेच सिझर करावं लागेल’ म्हटलं की नातेवाइकांना सगळी घाई सारखीच वाटते. ब्रिटनमध्ये मात्र या घाईचेही वर्ग आहेत.

पहिल्या वर्गात जीवच टांगणीला असतो: गर्भाशय फाटलं, बाळाचे ठोके उतरून वर येईनात किंवा नाळ बाळाआधी खाली घसरली. निर्णयापासून बाळ बाहेर येईपर्यंत शक्यतो ३० मिनिटं. नाळ घसरली असेल तर डोक्याखाली ती दबू नये म्हणून कुणीतरी हातमोजा घालून बाळाचं डोकं आतून वर रेटून धरतं, आणि ट्रॉली तशीच थिएटरकडे पळते. पाठीत सुई द्यायलाही सवड नसेल तर पूर्ण भूल.

दुसऱ्या वर्गात धोका आहे, पण इतका टोकाचा नाही. कळा येऊनही प्रसूती अडते, ठोक्यांचा आलेख बिघडू लागतो. मुदत ७५ मिनिटं. बहुतेकदा पाठीतली भूल पुरते. आई जागी असते, बाळाचं पहिलं रडणं ऐकते. मला विचाराल तर ही जादा ४५ मिनिटं म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. उगाच धावपळीत बाळंतिणीलाच इजा व्हायची.

आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बरेचदा बाहेरून येतो. तो जिना चढेपर्यंतचा वेळही याच घड्याळात धरायचा.