‘१,८४७ त्रुटी सापडल्या’ असं सांगणारा स्कॅनर नेमकं काय मोजतो

डेस्कटॉप दोन-तीन वर्षं वापरला की जड चालायला लागतो. सुरू झाल्यावरही पाच मिनिटं डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो, ब्राउझरचा तिसरा टॅब उघडला की माउस अडखळतो. बहुतेक वेळा कारण साधं असतं. मधल्या काळात प्रिंटर बदललेला असतो, फोन जोडायचा प्रोग्रॅम टाकलेला असतो, एखादा गेम महिनाभर खेळून काढून टाकलेला असतो. यातल्या प्रत्येकाने अपडेटर, ट्रेमधला (घड्याळाजवळचा) आयकॉन, एखादी सर्व्हिस (खिडकी न दाखवता आपोआप चालणारा प्रोग्रॅम) असं काही ना काही मागे ठेवलेलं असतं आणि ते रोज पडद्याआड चालू असतं. वैतागलेला माणूस मग ‘कॉम्प्युटर स्लो झालाय’ असं शोधतो, आणि फसवणारे नेमके तिथेच दबा धरून बसलेले असतात.

सापळा फुकट स्कॅनपासून सुरू होतो. प्रोग्रॅम डाउनलोड करा, हिरवी पट्टी सरकते, अर्ध्या मिनिटात लाल अक्षरांत आकडा येतो: १,८४७ त्रुटी. त्याखाली ‘गंभीर’ असं लिहिलेलं. दुरुस्त करायचं बटण दाबलं की पैसे मागितले जातात.

हा आकडा येतो कसा, ते समजून घ्या. ब्राउझरने साठवलेली प्रत्येक कुकी म्हणजे एक त्रुटी. टेम्प (तात्पुरत्या फाइल्सच्या) फोल्डरमधली प्रत्येक फाइल म्हणजे एक त्रुटी. अलीकडे उघडलेल्या कागदपत्रांच्या यादीतली प्रत्येक ओळ, रजिस्ट्रीतली (विंडोज आणि प्रोग्रॅम्सची सेटिंग्ज जिथे साठतात त्या साठ्यातली) अस्तित्वात नसलेल्या फाइलकडे बोट दाखवणारी प्रत्येक नोंद, सगळं एकेक करून बेरजेत धरलेलं असतं. नुकत्याच बसवलेल्या कोऱ्या विंडोजवरसुद्धा असे स्कॅनर लाल आकडा दाखवतात.

सगळी मेख इथेच आहे. स्कॅनर मेलेल्या गोष्टी मोजतो. रजिस्ट्रीतली मेलेली नोंद मेमरी धरून ठेवत नाही, प्रोसेसर वापरत नाही. लाखो नोंदींच्या साठ्यात ती पडून असते आणि कोणी ती वाचायला जात नाही. अशा पाचशे नोंदी काढल्या तरी वेगात जाणवेल असा फरक पडत नाही. उलट चुकीची नोंद उडाली तर चालू प्रोग्रॅम बंद पडतो, म्हणूनच रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. वेग खातात त्या जिवंत प्रोसेस, म्हणजे त्या क्षणी चालू असलेले प्रोग्रॅम, आणि त्या या अहवालात बहुधा नसतातच.

उलट त्या वाढतात. स्कॅन करणारा हा क्लीनर स्वतःची एक सर्व्हिस बसवतो, लॉगिन होताच स्कॅन सुरू करणारं काम टास्क शेड्यूलरमध्ये (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या विंडोजच्या साधनात) टाकतो, ट्रेमध्ये आयकॉन ठेवतो आणि कधीकधी ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शनही घालतो. ज्या आजारावर पैसे घेतले तोच आजार तो आणखी वाढवून ठेवतो.

‘रॅम बूस्टर’चं बटण तर जास्तच फसवं, कारण त्याचा परिणाम डोळ्यांना दिसतो. दाबलं की मेमरीचा वापर ७८ टक्क्यांवरून ४५ वर येतो आणि माणसाला वाटतं, काम झालं. आत घडतं ते असं: बूस्टर चालू प्रोग्रॅम्सची मेमरीतली पानं, म्हणजे मेमरीचे छोटे तुकडे, जबरदस्तीने बाहेर ढकलतो. पुढच्याच मिनिटाला तुम्ही ब्राउझरवर क्लिक करता आणि तीच पानं परत आणावी लागतात, त्यातली काही थेट डिस्कवरून. ७,२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला एकेक जागा गाठायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम शंभर जागा. आकडा सुंदर दिसतो, कॉम्प्युटर आणखी अडखळतो. विंडोज ज्याला ‘कॅश्ड’ मेमरी म्हणतं ती अडकलेली नसते. गरज पडताच ती मोकळी होते.

अशा स्कॅनवर कारवाया झालेल्या आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये ऑफिस डेपो आणि सपोर्ट डॉट कॉम या कंपन्यांविरुद्धचं प्रकरण तडजोडीने मिटवलं. दोघींनी मिळून ३ कोटी ५० लाख डॉलर भरले. आयोगाचा आरोप असा होता की स्कॅन सुरू करण्याआधी ग्राहकाला चार प्रश्न विचारले जायचे: कॉम्प्युटर स्लो आहे का, व्हायरसचे इशारे येतात का, वारंवार बंद पडतो का, पॉप-अप येतात का. एकाला जरी ‘हो’ म्हटलं तर स्कॅनमध्ये मालवेअरची लक्षणं निघायची, आत काहीही असो. २०२४ मध्ये रेस्टोरो आणि रीइमेज या कंपन्या २ कोटी ६० लाख डॉलर भरायला तयार झाल्या. त्यांच्यावरचा आरोप: आधी विंडोजचा भासेल असा इशारा, मग कॉम्प्युटर ठणठणीत असला तरी दोष दाखवणारा स्कॅन, आणि पैसे भरल्यावर ‘सॉफ्टवेअर चालू करण्यासाठी’ फोन करायला सांगून त्या फोनवर आणखी महागडी सेवा विकणं.

फोन हा पुढचा अंक, आणि खरं नुकसान तिथे होतं. समोरचा माणूस रिमोटने, म्हणजे इंटरनेटवरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणाऱ्या प्रोग्रॅमने, आत येतो आणि विंडोजमधलीच खरी दृश्यं खोट्या अर्थाने दाखवतो. ही दृश्यं ओळखून ठेवा.

पहिलं, इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. लाल आणि पिवळ्या खुणांची लांबलचक यादी. प्रत्येक निरोगी कॉम्प्युटरवर ती असते. त्यातला १०,०१६ क्रमांकाचा डिस्ट्रिब्युटेड-कॉम इशारा तर दुर्लक्षित केला तरी चालतो असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलेलं आहे. दुसरं, सर्व्हिसेसच्या यादीत ‘स्टॉप्ड’ लिहिलेल्या ओळी. ‘हॅकरने तुमच्या सर्व्हिस बंद केल्यात’ असं म्हणतात. गरज असेल तेव्हाच सुरू व्हायचं, एरवी बंद राहायचं, अशीच त्या सर्व्हिसची रचना असते.

तिसरं टास्क मॅनेजरमध्ये, म्हणजे चालू प्रोसेस दाखवणाऱ्या खिडकीत. ‘डिटेल्स’ टॅबवर प्रोसेसरच्या वापराप्रमाणे क्रम लावतात आणि सगळ्यात वर ‘सिस्टिम आयडल प्रोसेस’ समोर ९६ दाखवतात. हा व्हायरस तुमचा ९६ टक्के प्रोसेसर खातोय, म्हणे. त्या ओळीचा अर्थ बरोबर उलटा आहे: ९६ टक्के प्रोसेसर रिकामा बसलेला आहे. त्याच खिडकीत एसव्हीसी-होस्ट (svchost) नावाच्या, विंडोजच्या सर्व्हिस चालवणाऱ्या सत्तर-ऐंशी ओळी दाखवून घाबरवतात. विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, ३.५ जीबी किंवा जास्त रॅम असेल तर, बहुतेक सर्व्हिसला स्वतंत्र एसव्हीसी-होस्ट मिळतो. म्हणून त्या इतक्या दिसतात.

आणि सगळ्यात बेमालूम, काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) टाइप केलेला ‘असॉक’ (assoc) आदेश. ‘हा तुमचा कॉम्प्युटर आयडी’ असं म्हणून तो माणूस ८८८डीसीए६० ने सुरू होणारा लांब क्रमांक फोनवर अक्षर अक्षर वाचून दाखवतो, तुम्ही तो पडद्याशी ताडून पाहता, आणि जुळतो. जुळणारच. तो फाइल प्रकाराशी जोडलेला विंडोजचा ठरलेला क्रमांक आहे, प्रत्येक विंडोजवर हाच. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, एवढी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

आता खरं काम. यासाठी काहीही विकत घ्यावं लागत नाही.

आधी कॉम्प्युटर ‘रीस्टार्ट’ करा. ‘शट डाउन’ नाही. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असेल तर शट डाउनच्या वेळी प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हर (प्रिंटर, नेटवर्क कार्ड अशी उपकरणं चालवणारे प्रोग्रॅम) जसेच्या तसे डिस्कवर साठवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये सीपीयूखाली ‘अप टाइम’ पाहा. रोज रात्री बंद करूनही तिथे १९ दिवस दिसू शकतात. एखादा ड्रायव्हर मेमरी गळवत असेल तर ही गळती १९ दिवसांची साठलेली असते. ‘मेमरी’खालचा ‘नॉन-पेज्ड पूल’ (कर्नल आणि ड्रायव्हर वापरतात ती, डिस्कवर न हलवता येणारी मेमरी) काही शे एमबी असेल तर ठीक, काही जीबी असेल तर ड्रायव्हरच दोषी धरा आणि नेटवर्क कार्ड किंवा अँटिव्हायरसपासून तपासायला लागा.

रीस्टार्टनंतर दहा मिनिटं काही न उघडता थांबा. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, मेमरीप्रमाणे क्रम लावा आणि ओळखू न येणारी नावं कागदावर आकड्यासकट लिहा. संध्याकाळी तीच यादी पुन्हा. सकाळी ९० एमबी असलेली प्रोसेस काहीही न करता ६०० वर गेली असेल तर गुन्हेगार सापडला. बाकीच्यांची बेरीज करा: शंभर-शंभर एमबीच्या पंधरा प्रोसेस म्हणजे दीड जीबी, आणि ८ जीबीच्या मशीनवर ते चांगलंच जाणवतं.

नावावर राइट-क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. फोल्डरचं नाव बहुधा सांगून टाकतं की हे कुठल्या प्रोग्रॅमचं शेपूट आहे.

आता ती प्रोसेस कुठून सुरू होते ते शोधायचं. टास्क मॅनेजरचा ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ टॅब पहिला. तिथे ‘हाय’ म्हणजे सुरू होताना एका सेकंदापेक्षा जास्त प्रोसेसर वेळ किंवा ३ एमबीपेक्षा जास्त डिस्कची ये-जा. नको ते ‘डिसेबल’ करा. पण बरेच जण इथेच थांबतात आणि ‘काही फरक पडला नाही’ म्हणून पुन्हा क्लीनरकडे वळतात. सर्व्हिसेस आणि टास्क शेड्यूलरमधली कामं या टॅबमध्ये दिसत नाहीत, आणि अपडेटर मंडळी हमखास तिथेच लपलेली असतात.

टास्क शेड्यूलर उघडा. डावीकडे सगळ्यात वरच्या ‘लायब्ररी’वर क्लिक केलं की बाहेरच्या प्रोग्रॅम्सची बहुतेक कामं समोर येतात; विंडोजची स्वतःची कामं मायक्रोसॉफ्ट नावाच्या आतल्या फोल्डरमध्ये असतात, तिकडे हात लावू नका. ‘अ‍ॅक्शन्स’ टॅबवर कुठली फाइल चालते ते दिसतं, ‘ट्रिगर्स’वर कधी चालते ते. नको ते काम ‘डिसेबल’ करा, लगेच डिलीट करू नका. सर्व्हिसेसच्या खिडकीतही तसंच: नावावर डबल-क्लिक, ‘पाथ टु एक्झिक्युटेबल’ वाचा, आणि बाहेरच्या प्रोग्रॅमची असेल तर ‘ऑटोमॅटिक’चं ‘मॅन्युअल’ करा. दोन आठवडे काही अडलं नाही तर मग ‘डिसेबल्ड’.

सगळं एकाच ठिकाणी पाहायचं असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातलं ‘ऑटोरन्स’ हे फुकट साधन घ्या, मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून. ऑप्शन्समधून मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवल्या की यादी आवाक्यात येते. पिवळी ओळ म्हणजे नोंद आहे पण फाइल गेलेली, म्हणजे मेलेली. तिची काळजी नको. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाचं नाव किंवा डिजिटल सही नाही, ती नीट तपासा. चौकटीतली खूण काढा, ओळ उडवू नका. खूण परत लावता येते.

ब्राउझरकडे वेगळं बघावं लागतं. क्रोममध्ये सेटिंग्जच्या ‘सिस्टिम’ भागात ब्राउझर बंद केल्यावरही अ‍ॅप्स मागे चालू ठेवायची सोय असते, एजमध्ये तीच सोय आणि वर ‘स्टार्टअप बूस्ट’. दोन्ही बंद करा. मग सूचनांची परवानगी कुठल्या साइट्सना दिली आहे ते पाहा. ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ असे कोपऱ्यात उगवणारे चौकोन बहुतेक वेळा व्हायरस नसतात. कधीतरी ‘अलाउ’ दाबलेलं असतं, आणि मागे चालू राहिलेला ब्राउझर त्या साइटचे निरोप आणून देत असतो. परवानगी काढली की थांबतात. पडदाभर इशारा आला आणि बंद होईना, तर एस्केप दाबून धरा किंवा टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा, आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका.

एवढं करूनही डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर ते शेपटांचं काम नाही. हार्ड डिस्कच थकली असेल. आधी बॅकअप घ्या.

पैसे देऊन झाले असतील किंवा कोणाला रिमोटने आत घेतलं असेल, तर क्रम महत्त्वाचा. पहिल्यांदा इंटरनेटची वायर काढा किंवा वाय-फाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून बँकेला कळवा, व्यवहार अडवायला सांगा, ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. त्याच कॉम्प्युटरवर बदललात तर नवा पासवर्डही पाहिला जाऊ शकतो. मग रिमोटचा प्रोग्रॅम काढा आणि सर्व्हिसेसमध्ये जाऊन तो खरंच गेला का ते पाहा. ही साधनं सर्व्हिस म्हणून बसवली आणि कायमचा पासवर्ड ठेवला की तुमच्या होकाराशिवाय कधीही आत येता येतं. मागे राहणाऱ्या सगळ्या प्रोसेसमध्ये ही एकच अशी आहे की जिच्यासाठी एक दिवसही थांबू नये. अनोळखी यूजर अकाउंट तयार केलं आहे का तेही बघा. शंका उरली तर कागदपत्रं बाजूला काढून विंडोज नव्याने बसवा.

काही आठवड्यांनी ‘कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचे आहेत’ असा फोन येऊ शकतो. ती त्याच टोळीची किंवा तिने विकलेल्या यादीची दुसरी फेरी असते; परतावा देण्यासाठी रिमोटने आत यायची गरज कोणालाही नसते. फोन ठेवा.

क्लीनर अनइन्स्टॉल केल्यावर रीस्टार्ट करा आणि टास्क शेड्यूलर पुन्हा उघडा. त्याचं लॉगिनचं काम बऱ्याचदा तिथे तसंच असतं. आधी ते काढा, मग प्रोग्रॅम फाइल्समधला त्याचा फोल्डर. आठवड्याने एकदा परत बघा.