पोर्ट्रेटसाठी ३० प्रूफची मर्यादा: काही महिन्यांच्या वापरानंतर

दोन तासांच्या पोर्ट्रेट सेशनमध्ये ३०० ते ४०० फ्रेम सहज निघतात. त्यांतल्या किती दाखवायच्या, याबद्दल प्रत्येक स्टुडिओचा हिशेब वेगळा असतो. कुणी अख्खं कार्ड ड्राइव्हवर टाकून लिंक देतं, तर कुणी थेट तयार १० फोटो हातात ठेवतं. इथे लिहिलेला अनुभव मधल्या वाटेचा आहे: लाइटरूम क्लासिक या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सॉर्टिंग, ऑनलाइन गॅलरीत जास्तीत जास्त ३० प्रूफ (क्लायंटला निवडीसाठी दाखवायचे फोटो) आणि त्यांतून क्लायंटने १० निवडायचे. सिलेक्शन लवकर येतं, एका फोटोवर देता येणारा वेळ वाढतो आणि छापायला जाणारे फोटो चांगले निघतात. परत २०० फ्रेम पाठवायचं काही कारण दिसत नाही.

३० हा आकडा १० च्या तिप्पट म्हणून आला. दुप्पट दाखवलं तर क्लायंटला वाटतं की निवड आधीच झाली आहे. पाचपट दाखवलं की एकाच पोझच्या जवळजवळ सारख्या फ्रेम आत शिरतात. म्हणून आकडा पॅकेजप्रमाणे बदलतो. ऑफिसच्या हेडशॉटला २ फोटो द्यायचे असतील तर ६ ते ८ प्रूफ पुरतात. स्थळासाठीच्या फोटोंना, साडी आणि ड्रेस धरून, १५. वर्षाच्या आतल्या बाळाचं सेशन मात्र ३० मध्ये बसत नाही, कारण तिथे पोझ एकच असली तरी हावभाव खरोखर वेगळे असतात. ४० पर्यंत जाऊ द्यावं.

पर्याय वाढले की माणूस गोंधळतो, हे सांगताना २००० साली प्रसिद्ध झालेल्या जॅमच्या प्रयोगाचा दाखला नेहमी दिला जातो. २४ चवी मांडल्या तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्के लोकांनी जॅम घेतला, ६ मांडल्या तेव्हा ३० टक्के लोकांनी. पण २०१० मध्ये अशा ५० प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास निघाला. पोर्ट्रेटच्या बाबतीत हा दुसरा निष्कर्ष जास्त पटतो. अडचण संख्येपेक्षा सारखेपणाची आहे. तीन वेगळ्या पोझमधून एक निवडायला क्षणभर लागतो. हनुवटी इंचभर इकडे-तिकडे असलेल्या तीन फ्रेम समोर आल्या की तोच माणूस फोन बाजूला ठेवतो आणि घरात विचारत फिरतो. १२० च्या फिल्म रोलवर ६ बाय ६ सेंटीमीटरच्या १२ फ्रेम मिळायच्या तेव्हा प्रत्येक क्लिकआधी काहीतरी बदललं जायचं, त्यामुळे काँटॅक्ट शीटवर (रोलमधल्या सगळ्या फ्रेम एकत्र छापलेल्या कागदावर) सारखेपणाचा प्रश्न फारसा यायचाच नाही. आज तो सॉर्टिंगमध्ये सोडवावा लागतो.

इम्पोर्ट करताना प्रीव्ह्यूसाठी ‘एम्बेडेड अँड साइडकार’ निवडा. कॅमेऱ्याने रॉ फाइलमध्ये ठेवलेली जेपेग लगेच दिसते, वन-टू-वन (पूर्ण आकाराचा) प्रीव्ह्यू तयार होईपर्यंत थांबावं लागत नाही. सोनीच्या बऱ्याच जुन्या कॅमेरा बॉडींमध्ये ही आतली जेपेग लहान असते, तिथे झूम केल्यावर डोळ्याचा फोकस कळत नाही आणि प्रीव्ह्यू बनवूनच घ्यावे लागतात. कॅप्स लॉक चालू ठेवला की प्रत्येक खुणेनंतर पुढची फ्रेम आपोआप येते. पहिल्या फेरीत फक्त एक्स (नाकारल्याची खूण) दाबायचं: मिटलेले डोळे, चुकलेला फोकस, फ्लॅश रीसायकल (पुन्हा चार्ज) न झाल्यामुळे अंधारी आलेली फ्रेम. या फेरीत चांगलं काय आहे ते शोधू नका, वेग जातो.

दुसऱ्या फेरीत एका पोझच्या सगळ्या फ्रेम एकत्र निवडून एन दाबा. सर्व्हे या व्ह्यूमध्ये त्या शेजारी-शेजारी दिसतात. एकावेळी ६ च्या वर घेऊ नका, चेहरे बारीक होतात. कमजोर फ्रेम कोपऱ्यातल्या फुलीने काढत जा आणि एक उरली की पी (निवडल्याची खूण) दाबा. एका पोझमधून दोन ठेवायच्या असतील तर त्यांतला फरक एका वाक्यात सांगता आला पाहिजे: एकीत हसू आहे, दुसरीत नाही. सांगता आला नाही तर एकच ठेवा. तिसरी फेरी दुसऱ्या दिवशी करावी. ३६-३७ वरून ३० वर येताना शेवटच्या सहा-सात फ्रेम काढणं हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड काम आहे, आणि थकलेल्या डोळ्यांनी ते नीट होत नाही.

फोटोग्राफरची आवड आणि क्लायंटची आवड का जुळत नाही, याचं एक कारण आरसा आहे. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांनी स्वतःच्या चेहऱ्याची आरशातल्यासारखी उलटी प्रत जास्त पसंत केली, त्यांच्या जवळच्यांनी सरळ प्रत. भांग, तीळ, वर चढलेली भुवई, सगळं फोटोत ‘दुसऱ्याच’ बाजूला दिसतं. म्हणून ३० मध्ये चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या फ्रेम हव्यातच. आपल्याला डावी बाजू आवडली म्हणून सगळं डाव्या बाजूने भरलं, तर ‘यात मी माझ्यासारखी वाटत नाही’ हे ऐकायची तयारी ठेवावी.

कुटुंबाच्या ग्रुपसाठी काढायच्या आणि दाखवायच्या फ्रेमचा हिशेब वेगळा. सगळ्यांचे डोळे उघडे मिळायला किती क्लिक लागतात, याचं गणित मांडणाऱ्या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांना २००६ चं इग नोबेल (गमतीशीर संशोधनाला मिळणारं बक्षीस) मिळालं. २० पेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला ३ ने भागा, कमी उजेडात २ ने. बाराजणांच्या ग्रुपला ४ ते ६ क्लिक. पण दाखवायची एकच, गरज पडली तर दुसऱ्या फ्रेममधला चेहरा बसवून. चार दाखवल्या की आजोबा एकीत चांगले, सून दुसरीत, आणि निर्णय होत नाही.

कमी प्रूफचा खरा फायदा एडिटिंगमध्ये आहे. ३० फ्रेमना प्रत्येकी दोन मिनिटं दिली तर तासाभरात व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर, क्रॉप आणि थोडी त्वचेची सफाई होऊन जाते. २०० ना ते अशक्य, म्हणून त्या कच्च्या जातात आणि गालावरच्या पिंपलमुळे सर्वांत जिवंत फ्रेम नाकारली जाते. २०२२ च्या ऑक्टोबरपासून लाइटरूममध्ये माणसं ओळखणारे मास्क (फोटोच्या ठरावीक भागापुरतं एडिटिंग करू देणारी सोय) आहेत. एका फ्रेमवर ‘फेशियल स्किन’ घेऊन टेक्स्चर उणे १५ करा आणि बाकीच्यांवर सिंक करा. प्रूफला इतकं बस. ब्लॅक अँड व्हाइट नमुना म्हणून एकच द्या. प्रत्येकाची जोडी दिली की ३० चे ६० होतात.

एक्सपोर्ट लांब बाजू २०४८ पिक्सेल, कलर स्पेस एसआरजीबी, जेपेग क्वालिटी ७५. वॉटरमार्क छातीच्या खाली, चेहऱ्यावर कधीच नाही. फाइलची नावं इम्पोर्टच्या वेळीच सेशनच्या क्रमांकासह बदला. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा सुरू होतो, आणि दोन बॉडी वापरल्या तर सारखे नंबर येऊ शकतात. क्लायंटने खुणा केलेली नावं लायब्ररी फिल्टरमध्ये टेक्स्ट, फाइलनेम, कंटेन्स निवडून एकदम चिकटवली की त्याच फ्रेम समोर येतात. व्हर्च्युअल कॉपीचं (लाइटरूममधल्या त्याच फाइलच्या दुसऱ्या एडिटचं) फाइलनेम मूळ फ्रेमचंच असतं, त्यामुळे तीही सोबत येते. तेवढं डोळ्यांनी तपासा. प्रूफ व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून पाठवू नका. ते दाबले जातात आणि क्लायंट निवड त्या मऊ झालेल्या चित्रावरून करतो.

फोनची एक मर्यादा मात्र राहते. छोट्या पडद्यावर क्लोजअप जिंकतात आणि पूर्ण उंचीची फ्रेम हरते, मग भिंतीवरच्या २० बाय ३० इंची प्रिंटसाठी काही उरत नाही. मोठी प्रिंट पॅकेजमध्ये असेल तर सिलेक्शन स्टुडिओत मोठ्या पडद्यावर करावं. ८ बाय १० हवी असेल तर प्रूफ त्याच मापात क्रॉप करून दाखवा; पूर्ण फ्रेम ८ बाय १२ ची असते आणि लांबीतले २ इंच कापले जाणार, हे आधी दिसलेलं बरं.

‘बाकीचे कुठे?’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे, कारण क्लायंटने दोन तास कॅमेऱ्याचा आवाज ऐकलेला असतो. बुकिंगच्या पावतीवरच लिहा: प्रूफ साधारण ३०, तयार फोटो १०, निवडीची मुदत १० दिवस, घरच्यांच्या वतीने निवड कळवणारी व्यक्ती एक. शिवाय पाच-सहा फ्रेम बाजूला तयार ठेवा. ‘आजीसोबतचा एक होता ना?’ असं नेमकं विचारलं तर त्यांतून द्या. ‘सगळे पाठवा’ याला नाही म्हणा. मुंज, बारसं, डोहाळजेवण यांना हा नियम लावू नये. तिथे प्रत्येक विधी आणि प्रत्येक पाहुणा मोजला जातो, आणि न दाखवलेली फ्रेम म्हणजे एखाद्या मामाचा एकुलता एक फोटो असू शकतो.